दुधानं चिकटवलेली दोन नावं

प्यो मानसू चाळीस वर्षं लोकांची नावं कोरत आला होता. सांगजूच्या बाजारात त्याचं वीतभर दुकान. दाराच्या एका बाजूला 'शिक्के' लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला 'किल्ल्या'. बँकेचं खातं, जमिनीचा व्यवहार, लग्नाची नोंद, जिथं म्हणून माणसाला आपल्या नावाचा लाल ठसा उमटवावा लागे, तिथं गावातल्या निम्म्या लोकांचा शिक्का मानसूच्या हातचा असे. पुढं लोक सही करू लागले, मग फोनवर बोट टेकवू लागले, आणि मानसू किल्ल्यांवर आला. हाताशी वेळ उरला तेव्हा गावच्या सांस्कृतिक केंद्रातल्या वर्गात जाऊन तो घरच्या घरी बिअर करायला शिकला. दुकानाच्या मागच्या खोलीत झाकणाचं मोठं पिंप आलं, बाटल्यांना बूच ठोकायचं यंत्र आलं. सगळं छान चाललं होतं. आणि आता, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, एका लेबलापायी तो रडकुंडीला आला होता.

बिअरमध्ये पर्सिमॉनची वाळवलेली केशरी फळं घातली होती, म्हणून लेबलावर पर्सिमॉनची एक फांदी होती आणि खाली दोन नावं. एक त्याचं, दुसरं समोरच्या दुकानातल्या एरानचं, आडनाव नाम. भांडण फांदीचं नव्हतं.

लेबल छापायच्या पहिल्या लाकडी ठोकळ्यावर त्यानं आपलं नाव वर आणि तिचं खाली कोरलं. एरान किमची म्हणजे मिरची लावून आंबवलेल्या भाज्या, लोणची आणि तयार भाज्या विकायची. हातमोज्यांना मिरचीचा लाल लेप तसाच ठेवून ती रस्ता ओलांडून आली, ठसा पाहिला आणि म्हणाली, "मी का म्हणून खाली? पर्सिमॉन कुणी सोलून वाळवले? तुम्ही तर नुसतं पिंप हलवलंत."

दुसऱ्या ठोकळ्यावर तिचं नाव वर गेलं.

"आता बाजार म्हणेल, विधवा बाईनं गडी ठेवला."

"मग करू काय? नावं कापून गोल फिरवू?"

"शेजारी शेजारी घाला. तेवढंही सुचत नाही का तुम्हाला?"

तिसरा ठोकळा कोरायला मानसूला चार दिवस लागले. खरं तर असलं काम तो एका दुपारी उरकायचा. पण ही दोन नावं शेजारी आणताना त्याचा हात सारखा थांबत होता, कारण ही नावं शेजारी आली की पुढं काय होणार, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दोघांचं जमून तीन वर्षं झाली होती. मानसूची बायको जाऊन बारा वर्षं, मूलबाळ नाही. एरानचा नवरा गिबोम जाऊन नऊ वर्षं, आणि मुलगा तेओ दूर उल्सानला जहाजाच्या कारखान्यात. अडचण एकच होती, आणि ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती. गिबोमची आई, गू बोकदान. लग्न झाल्यापासून एरान या सासूच्या घरात राहत होती, आणि नवरा गेल्यावरही तिनं ते घर सोडलं नव्हतं. मानसूला तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आईंना मी टाकणार नाही. आणि त्या नको म्हणाल्या तर नको. मागाहून कुरकुर चालायची नाही."

"टाकायला कोण सांगतंय? मी येतो की तिकडं राहायला," मानसू म्हणाला होता.

एवढं सगळं ठरलेलं होतं. फक्त म्हातारीला विचारायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते तीन वर्षं राहतच होतं. बाजारात गिऱ्हाइकाला एका वाक्यात गप्प करणारी एरान सासूसमोर बसली की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. जगाची कुलपं उघडणाऱ्या मानसूकडं त्यावर किल्ली नव्हती.

लेबलाची युक्ती एरानचीच. बोकदान आजींना एक खोड होती. डोळ्यांसमोर आलेलं अक्षर वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. औषधाचं खोकं, सोयासॉसची बाटली, निवडणुकीचा कागद, सगळं मोठ्यानं. शिवाय घोटभर बिअर त्यांना आवडायची. "येत्या रविवारी जेवायला या, तुमच्या बाटल्या घेऊन," एरान म्हणाली. "बाटली समोर ठेवली की त्या वाचणार. वाचलं की कळणार. आपल्याला तोंड उघडायलाच नको."

दोघांच्या वयाची बेरीज एकशे सतरा, आणि अक्कल पाहा. पण मानसूला ती युक्ती फार आवडली, कारण बोलायचं टळत होतं.

शनिवारी दुपारी दुकानाचं दार ओढून घेऊन दोघं मागच्या खोलीत बसली. झाडाच्या साली कुटून केलेल्या जुन्या हातकागदाचे ताव मानसूकडं पडून होते. त्यांवर त्यानं लाल शाईत बारा ठसे उठवले, पट्टी लावून कापले. मग एरानपुढं एक वाटी आणि ब्रश ठेवला. वाटीत दूध होतं.

"हे कशाला? मांजर येणार आहे का?"

"गोंद आहे तो. वर्गात शिकवलंय. मागून दूध फिरवायचं, बाटलीला दाबायचं, वाळलं की पक्कं. आणि बाटली परत वापरायची झाली की पाण्यात घालायची, लेबल आपोआप निघतं. खरवडायला नको."

"गाईनं ऐकलं तर काय म्हणेल," एरान म्हणाली, पण ब्रश तिनं उचलला.

ती चिकटवत गेली आणि मानसू मागून सरळ करत गेला. तिची लेबलं कधी डावीकडं कलायची, कधी उजवीकडं, आणि केसाएवढाही तिरपेपणा त्याच्या डोळ्यांत खुपायचा. सातव्या बाटलीला तिनं त्याच्या हातावर चापट मारली. "राहू दे जरा वाकडं. आपण कुठं सरळ आहोत?"

मग मात्र एक बाटली हातात घेऊन तिनं ब्रश खाली ठेवला. मानसूला वाटलं, काही बिघडलं.

"नाम एरान," तिनं स्वतःचंच नाव वाचलं. "दुकानाच्या पाटीवर 'तेओची आई'. बाजारात तेओची आई, दवाखान्यात तेओची आई. माझं नाव असं बाहेर लिहिलेलं किती वर्षांनी बघतेय."

मानसूनं हातातली बाटली खाली ठेवली. त्यानं लोकांची हजारो नावं कोरली होती, पण आपण कोरलेलं नाव बघून कुणी असं थबकलेलं त्याला आठवेना. ही बाई आपल्याला हवी आहे, हे त्याला तीन वर्षं माहीत होतं. ती मिळाली नाही तर आपलं काय होईल, हे त्याला त्या दुपारी कळलं, आणि तो घाबरला.

रविवारी तो चार बाटल्या घेऊन गेला. वळचणीला सोललेल्या पर्सिमॉनच्या माळा टांगल्या होत्या, त्यांच्या खालून वाकून आत जावं लागत होतं. एराननं बाटल्या घेतल्या आणि सरळ फ्रिजमध्ये कोंबल्या. बोकदान आजी बैठ्या टेबलापाशी उशीला टेकून बसल्या होत्या. मानसूनं गुडघे टेकून नमस्कार केला.

"शिक्केवाला ना तू? माझ्या पोराचा शिक्का तूच केला होतास. बस. गुडघे दुखत असतील तर मांडी घाल."

"नाही दुखत, आजी."

"माझ्यापुढं खोटं बोलू नकोस. मला दुखतात म्हणजे सगळ्यांना दुखतात."

भात आला, सोयाबीनचं कालवण आलं, भाजलेला बांगडा आला, आणि एराननं पहिली बाटली आणून टेबलावर ठेवली. थंडगार बाटलीला घाम सुटला होता. लेबल आजींकडं करून तिनं ठेवली आणि श्वास रोखला. आजी नेमक्या त्याच वेळी बांगड्यातला काटा काढत होत्या.

"ओता की," एरान मानसूला म्हणाली.

मानसूनं बाटली उचलली, डावा हात उजव्या मनगटाला टेकवला आणि वाकून आजींचा पेला भरला. ओतून झाल्यावर एरानची नजर त्याला दिसली तेव्हा त्याला उमगलं. लेबलावर त्याचा अख्खा पंजा होता. मोठ्या माणसाला ओतताना उजव्या हातानं लेबल झाकायचं, हे त्याच्या बापानं त्याला मनगटावर फटके देऊन शिकवलं होतं. का झाकायचं, ते बापानं विचारू दिलं नव्हतं. आता चाळीस वर्षांनी मेंदू विसरला तरी हात विसरायला तयार नव्हता.

आजींनी घोट घेतला. "पर्सिमॉनचा वास येतोय. बरी आहे."

एराननं बाटली हळूच फिरवली, नावं पुढं केली. आजींनी पेला पुढं केला. मानसूनं बाटली उचलली, आणि पंजा पुन्हा जागच्या जागी.

बाटली खाली आली तशी एराननं ती परत फिरवली.

"सारखी काय फिरवतेस? भोवरा आहे का तो?" आजी म्हणाल्या आणि कालवणात चमचा बुडवला.

तिसऱ्या वेळी टेबलाखालून मानसूच्या नडगीवर लाथ बसली. त्यानं मनाचा हिय्या केला आणि बाटली बुडाशी धरली, लेबल सगळं उघडं ठेवून. पेल्यावर धार पडते न पडते तोच आजींची नजर त्याच्या हातावर गेली.

"नीट धर रे. कुणाच्या घरी वाढलास? मोठ्यांना ओततात ते असं?"

चूक दाखवल्यावर सुधारायची नाही, असा मानसूचा स्वभाव नव्हता. हात वर सरकला आणि पंजानं दोन्ही नावं पोटाशी धरली. त्यानं पेला भरला. मग एरानसाठी ओतलं, आणि तिनं त्याचा पेला भरायला म्हणून बाटली मागितली, तेव्हा मानसूनं हात सोडला.

बाटली उघडीबोडकी होती.

लेबल त्याच्या तळव्याला चिकटलं होतं. पाण्यात घातलं की आपोआप निघतं, असं त्यानंच सांगितलं होतं. बाटलीचा घाम आणि त्याच्या हाताचा घाम, दोघांनी मिळून काम चोख केलं होतं. मानसूनं काही विचार न करता मूठ आवळली आणि मांडीवर ठेवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणतात. पण हे म्हणणारे बोकदान आजींना भेटलेले नसावेत.

"बाटलीवर मगाशी लाल काहीतरी होतं," आजी म्हणाल्या. "कुठं गेलं?"

"काही नाही, आजी."

"मूठ का आवळलीस?"

"काही नाही."

आजींनी चमचा खाली ठेवला. "काही नाही म्हणणाऱ्या माणसापाशी काय असतं ते मला विचार. मी स्वतः म्हटलंय. घरी दारू करायला सरकारची बंदी होती तेव्हाची गोष्ट. सासऱ्यांचं श्राद्ध आलं, त्याला दारू नको? मी तांदळाचा एक रांजण घातला. तिसऱ्या दिवशी दोन साहेब दारात. मी रांजणावर पाट टाकला, पाटावर गोधडी, गोधडीवर गिबोमला निजवलं. चार महिन्यांचा होता. साहेब विचारतो, बाई, वास कसला? म्हटलं, काही नाही, पोराला जुलाब होतायत. साहेब नाक धरून पळाला. आणि पोरगं त्या वासानं संध्याकाळपर्यंत उठलं नाही." त्या हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. "उघड मूठ."

मानसूनं एरानकडं पाहिलं. ती भाताच्या वाडग्याकडं बघत होती आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ती बोलणार नव्हती, हे त्याला दिसलं. तिला तो दोष देऊ शकत नव्हता. आता हात दाखवून अवलक्षण होणार, हे पक्कं. तरीही त्यानं हात टेबलावर आणला आणि उघडला.

आजींनी ओला कागद दोन बोटांनी सोलून घेतला. शाई तळव्याला लागली होती, तिथं नावं उलटी उमटली होती. कागदावर ती फिकी झाली होती, पण वाचता येत होती. आजींनी कागद लांब धरला, मग जवळ आणला, आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं वाचलं. "प्यो मानसू. नाम एरान." मग मान वर करून त्या म्हणाल्या, "हे दोघं शेजारी शेजारी काय करतायत?"

लेबलानं जेवढं सांगायचं तेवढं सांगून झालं होतं. पुढचं माणसालाच सांगावं लागणार होतं. मानसूनं सांगितलं.

"आजी, आम्हाला लग्न करायचंय. तुम्ही हो म्हणालात तर. नको म्हणालात तर मी शिक्केवालाच राहीन, आणि या बाबतीत पुन्हा तोंड उघडणार नाही."

 आजींनी एरानकडं पाहिलं.

"तुला काय वाटलं, मला दिसत नाही? एकटा माणूस, आणि आठवड्याला काकडीची किमची तीन डबे. त्याच्या घरी काय पलटण जेवते? मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून जगाला दिसायचं राहतं का? तीन वर्षं बघतेय मी. कोण आधी सांगतंय म्हणून."

"आई, माझं तोंडच..."

"मी विचारणार नव्हते." आजींचा आवाज बारीक झाला. "मी का विचारू? ज्या दिवशी सांगशील, त्या दिवशी माझी पिशवी भरून मला म्हाताऱ्यांच्या इस्पितळात नेशील. पलीकडच्या गल्लीतल्या बाईला तिच्या सुनेनं नेली तशी. जेवढे दिवस नाही सांगत तेवढे बरे, म्हणत होते."

एराननं वाडगा बाजूला सारला आणि टेबलाला वळसा घालून गुडघ्यांवर सरकत सासूच्या शेजारी आली. "आई, कोण नेणार तुम्हाला? ते इकडं यायचेत. माझी पहिल्या दिवसाची अट आहे ती. विचारा त्यांना. या घरात, तुमच्याजवळ."  तीस वर्षांत तिनं सासूचा हात कधी असा धरला नव्हता, तो आज धरला.

"इकडं?" आजींनी मानसूला विचारलं. "मी पहाटे चारला उठते. खोकते. रेडिओ लावते."

"मी पण चारला उठतो. पिंप बघायला."

"आणि घोरतोस?"

"हो."

"गिबोमही घोरायचा," आजी म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, मग नाक पुसलं, आणि हातातल्या लेबलाकडं पुन्हा पाहिलं. "आमच्या वेळी घरची दारू लोक गोठ्यात पुरायचे. तुम्ही तिच्यावर नावं लिहून माझ्या घरात घेऊन आलात. छाती आहे म्हणायची. आणि मग मुठीत लपवता." त्यांनी कागद उलटा केला, वास घेतला. "हे चिकटवलंय कशानं?"

"दुधानं, आजी."

"दुधानं. शहाणेच आहात. दूध पोरांना पाजतात."

त्यांनी आपल्या वाडग्यातली चार शितं चिमटीत घेतली. कागदाच्या पाठीवर ठेवून अंगठ्यानं दाबली, चिरडली, कडांपर्यंत नेली. काम बोटांना पाठ होतं. एराननं बाटली फडक्यानं कोरडी करून पुढं धरली. आजींनी लेबल लावलं आणि त्याच्यावर तळवा दाबून धरला. ते चांगलंच वाकडं लागलं होतं. मानसूचा हात सरळ करायला उठला होता, तो त्यानं मागं घेतला.

"ही बाटली पुढच्या महिन्यापर्यंत कुणी पाण्यात घालायची नाही," आजी म्हणाल्या. "गिबोमचं श्राद्ध आहे. त्या दिवशी हिच्यात ताजी भरून त्याच्या फोटोपुढं ठेवायची. त्याला नको कळायला? त्याच्या घरातली गोष्ट आहे."

"तेओ येईल तेव्हा," एरान म्हणाली. "त्याला मी अजून..."

"तेओला मी सांगेन. आज फोन लाव."

मानसू मान खाली घालून बसला होता. त्याचे डोळे भरून आले होते, आणि एकसष्ट वर्षांच्या माणसानं दुसऱ्याच्या घरी जेवताना रडावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"आणि तू," आजी त्याला म्हणाल्या. "श्राद्धाला पहिला पेला दर वर्षी तेओ ओततो, मुलगा म्हणून. तो ओतेलच. पण त्याच्यानंतर दुसरा पेला असतो, भावाचा. गिबोमला सख्खा भाऊ नाही, म्हणून तो पेला नऊ वर्षं मीच भरतेय, आणि माझ्यानं आता धड वाकवत नाही. या वर्षी तू भर."

मानसूला हो म्हणायचं होतं. त्यानं दोन्ही हात जमिनीला टेकून डोकं खाली नेलं आणि तसाच राहिला.

"आई, भात गार झाला," एरान डोळे पुसत म्हणाली.

"मग गरम वाढ. त्यालाही वाढ. सांडेल इतका वाढ."